दोराचं दुसरं टोक

आमच्या चर्चमध्ये माणसाचं कौतुक करायची सोय नाही. "याबा, काय सुरेख झगा शिवलास गं!" असं कुणी म्हटलं की मी बोट वर करायचं आणि म्हणायचं, "मी नाही, त्यानं." मुलगा परीक्षेत पास झाला, त्यानं. होडी भरून मासळी आली, त्यानं. झगा बगलेत आवळला तर मात्र बाई तरातरा माझ्याच दारात येऊन भांडते, तेव्हा कुणाचं बोट वर जात नाही. तीस वर्षं मी शिवणकाम करते आणि तीस वर्षं हे बघते आहे. बोलत नव्हते, कारण अशा बोलण्याला गर्व म्हणतात. आता न्यानिबा गेली, आता बोलते.

सगळा गाव तिला एना न्यानिबा म्हणायचा, म्हणजे न्यानिबा आई. माझ्या आईची ती चुलत बहीण, आमच्या दोघींच्या अंगणात एका नारळाचं अंतर. धंदा मासे धुरावण्याचा. पहाटे होड्या आल्या की पाट्या उतरवून घ्यायच्या, मातीच्या भट्टीवर जाळ्या रचायच्या, दिवसभर धूर खायचा आणि बाजाराच्या दिवशी माल घेऊन मांकेसिमला जायचं. डोळे कायम लाल. अंगाला असा वास की चर्चमध्ये ती आत आली हे मागे वळून न बघता कळायचं. अक्षरओळख शून्य. बायबल हातात असायचं, पण ते शोभेला. एकदा मीच ते सुलटं करून दिलं होतं.

पण उपासनेत पाळकसाहेबांइतकाच तिचाही वचक. आम्हा घानाच्या फांते लोकांत जुनी रीत आहे. प्रवचन ऐन रंगात असताना बाकावरची एखादी बाई मध्येच गाणं उचलते. कुणाची परवानगी नाही, खूण नाही. बोलणाऱ्यानं थांबायचं. ती एक ओळ टाकते, आम्ही बाकीच्या बायका तिला उत्तर देतो, आणि गाणं आपोआप निवेपर्यंत पाळक व्यासपीठावर उभे राहतात, नाहीतर आमच्याबरोबर डोलतात. गाणं कुठे लिहिलेलं नसतं. बाईच्या तोंडी ते त्या क्षणी येतं. म्हणजे आत्मा देतो, असं आम्ही म्हणतो.

एकदा आक्राहून एक मोठे वक्ते आले होते. दिव्यांत तेल घेऊन नवरदेवाची वाट बघणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्यावर बोलायला लागले ते दीड तास झाला तरी पहिल्या पाच कुमारीसुद्धा संपेनात. लेकरं रडायला लागली, म्हातारे पेंगायला लागले. तेवढ्यात न्यानिबा उठली आणि तिनं गाणं उचललं: "तेल संपत आलं, नवरदेवा, लवकर ये!" आम्ही इतक्या मोठ्यानं उत्तर दिलं की वक्ते हसत हसत घाम पुसून खाली उतरले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "एना, खरं सांग, हे आत्म्यानं दिलं की तुझ्या पोटानं?" ती म्हणाली, "मी नाही, त्यानं. त्यालाही मक्याची केंकी गार झालेली आवडत नसेल."

अशी होती. हसरी, चावट, आणि तरी त्या एका वाक्याबाबत अगदी खरी. आमच्यातले निम्मे लोक बोट वर करतात ते डोळा खाली ठेवून, कौतुक आणखी कोण करतंय ते बघत. ती मनापासून करायची. जे तोंडातून आलं ते आपलं नाही, असं तिला खरोखर वाटायचं.

तिला एकच मुलगा, योफी. नवरा केव्हाच दुसऱ्या गावी दुसरं घर करून बसलेला. योफी बावीस वर्षांचा, उंच, होडीवर सगळ्यात चांगला पोहणारा. एका खेपेला जाळं खाली खडकात अडकलं. अशा वेळी एकानं कमरेला दोर बांधून उडी मारायची आणि दोराचं दुसरं टोक होडीतल्यांनी धरायचं, अशी पद्धत. योफीनं उडी मारली. मग मोठी लाट आली म्हणतात. दोर वर ओढला तर रिकामा. होडीत नऊ माणसं होती. ते टोक कुणाच्या हातात होतं, हे नऊपैकी एकानंही आजवर सांगितलेलं नाही. न्यानिबा एकेकाच्या घरी गेली. प्रत्येक जण म्हणाला, मी वल्ह्यावर होतो. नऊच्या नऊ वल्ह्यावर!

प्रेत मिळालं नाही. प्रेत नाही म्हणजे आमच्याकडे शवपेटी नाही, थडगं नाही, पाहुण्यांना बोलावून केलेला रीतसर विधी नाही. कुटुंबप्रमुखानं किनाऱ्यावर उभं राहून दोन शब्द बोलून घेतले, संपलं. न्यानिबा दोन महिने चर्चला आली, बाकावर बसली आणि गाणं उचललं नाही. मग एका रविवारी, पाळक पेत्राबद्दल बोलत होते, तो पाण्यावर चालता चालता बुडायला लागतो ते. न्यानिबा उठली.

"योफी, माझ्या योफी, दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात?"

आम्ही उत्तर द्यायचं होतं. पण या प्रश्नाला काय उत्तर देणार? त्या होडीतले चार जण पुरुषांच्या बाकांवर बसले होते, त्यांच्या माना खाली. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा आम्ही गप्प. तिसऱ्यांदा तिनं ती म्हटली आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, स्वतःच उत्तर दिलं: "त्याच्या हातात. त्याच्या हातात."

मग आम्ही ते उचललं, आणि अर्धा तास कुणी थांबलंच नाही. होडीतल्यांपैकी एक जण उठून बाहेर गेला आणि भिंतीला धरून रडला. ते गाणं आठवडाभरात किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांत गेलं. कोळी जाळं ओढताना म्हणायला लागले, बायका प्रेतयात्रेत म्हणायला लागल्या. ज्यांनी योफीला कधी पाहिलं नव्हतं तेही त्याला हाक मारायचे. न्यानिबा मला म्हणायची, "बाकीच्यांच्या पोरांना सिमेंटचं थडगं आहे, त्यावर नाव आहे. पाऊस आला की नाव जातं. माझ्या पोराचं बघ." गर्वानं नव्हे हो. हायसं वाटून म्हणायची.

पंधरा वर्षं असं चाललं. मग एसिल्फी मास्तर आला.

तो आमच्या गायकवर्गाचा नवा प्रमुख. कॉलेजात संगीत शिकलेला, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्याला वाईट म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण तो दिसायला, बोलायला, वागायला कशातच वाईट नव्हता. रोज संध्याकाळी न्यानिबाच्या भट्टीशी यायचा, धुरात खोकत बसायचा आणि फोन पुढे धरायचा. "एना, ते दुसरं म्हणा ना. ते पावसाचं." ती म्हणायची. वर त्याला गरम मासा, केंकी, मिरचीची चटणी. पोराच्या वयाचा कुणी समोर बसून जेवतोय यातच तिला सगळं आलं.

एकदा त्यानं माझ्यासमोर विचारलं, "एना, ही गाणी कुणी केली?"

तिनं बोट वर केलं. "मी नाही, त्यानं."

"देवाचा गौरव असो," मास्तर म्हणाला आणि चष्मा पुसला. मला वाटलं, धुरानं डोळ्यांत पाणी आलं असेल.

दीड वर्षानं, उपकारस्तुतीच्या रविवारी, पुस्तक आलं. चकचकीत, निळं. त्यात चाळीस गाणी. मुखपृष्ठावर मास्तरचं नाव आणि खाली बारीक अक्षरात 'सर्व गौरव देवाला'. मी शिकलेली आहे, मी पान न् पान उलटून पाहिलं. चाळीसपैकी एकतीस गाणी न्यानिबाची. तिचं नाव कुठेच नाही, शेवटच्या आभारांतसुद्धा नाही. तिथे गायकवर्ग, छापखाना आणि मास्तरची बायको.

मास्तर साक्ष द्यायला उभा राहिला. म्हणाला, "बंधुभगिनींनो, यात माझं काही नाही. मी पोकळ बांबू. पहाटे उठायचो तर गाणं कानात तयार असायचं. मी नाही, त्यानं." आणि बोट वर. सगळे "आमेन" म्हणून ओरडले. कानात तयार असायचं हे खोटं नाही. फोन कानाशी धरून झोपलं की कुणाच्याही कानात पहाटे गाणं तयार असतं. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ देवानं खणलं असं सांगणारा नागोबा पहिल्यांदाच पाहिला.

मग गायकवर्गानं, टाय लावून, हातात निळी पुस्तकं धरून गाणं सुरू केलं.

"प्रभू, माझ्या प्रभू, दोराचं दुसरं टोक कुणाच्या हातात?"

मी न्यानिबाकडे पाहिलं. पुस्तकाचं तिला काही कळलं नव्हतं, पण कान होते. ती उठली आणि तिच्या त्या धुरकट आवाजात म्हणाली, "योफी, माझ्या योफी!" मास्तरनं हात जरासा उंचावला, गायकवर्गाचा आवाज वाढला. ती पुन्हा म्हणाली. आवाज आणखी वाढला. माझ्या मागे पाहुण्यांपैकी कुणीतरी कुजबुजलं, "म्हातारीचं भान सुटलं बघ. शब्दसुद्धा आठवत नाहीत."

त्या संध्याकाळी ती भट्टीशी बसली होती, भट्टी विझलेली. म्हणाली, "पुस्तकावर त्याचं नाव असू दे गं. मला वाचता कुठे येतं? माझं नाव नको. पण योफीला का काढलं? तो त्या पुस्तकात किती जागा खाणार होता?"

मी तडक मास्तरकडे गेले. त्यानं बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं.

"याबाताई, मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण बघा, हे पुस्तक पार कुमासी शहरापर्यंत जाणार. तिथल्या मंडळीला योफी कोण हे काय माहीत? आणि देवानं दिलेल्या गाण्यात एका कोळ्याचं नाव कशाला?"

"देवानं दिलं तेव्हा त्यात योफी होता की. मग देवाची चूक तू दुरुस्त केलीस होय?"

तो हसला. रागावलासुद्धा नाही, आणि त्याचाच मला संताप आला. "दुसरी आवृत्ती निघतेय," तो म्हणाला. "हे एनांचं स्वतःचं गाणं आहे, असं त्यांनी चर्चच्या वडीलमंडळीसमोर सांगितलं, तर मी ते जसंच्या तसं, त्यांच्या नावासकट छापेन. शब्द देतो. माझं म्हणून मी काही धरून ठेवलेलं नाही."

त्याला पक्कं माहीत होतं तो काय मागतोय ते. आमच्यात चोरी कबूल करणाऱ्याला माफी मिळते; 'हे गाणं मी केलं' म्हणणाऱ्याला मिळत नाही.

चार दिवस मी न्यानिबाला शिकवलं. दोनच शब्द. "म्हण, गाणं माझं."

"अगं, जीभ भाजते माझी."

"मासे भाजताना हात भाजतो, तो सोसतेस ना? मग योफीसाठी एकदा जीभ भाजून घे."

शेवटी चौथ्या दिवशी तिनं भट्टीकडे तोंड करून म्हटलं, "गाणं माझं." मग मला ऐकू जावं म्हणून आणखी एकदा, मोठ्यानं. आम्ही दोघी हसलो. मी तिचा निळा-पांढरा झगा रात्रीतून नव्यानं बेतला, कारण ती फार वाळली होती.

शनिवारी वडीलमंडळी जमली. सात पुरुष, दोन बायका, पाळकसाहेब मध्ये. मास्तर एका बाजूला मान खाली घालून. पाळक माणूस भला. खुर्चीतून उठून तिच्याजवळ आले, तिचा हात हातात घेतला आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "एना, हे दोराचं गाणं कुणाचं?"

ती ताठ उभी होती. माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मी ओठांनी तिला शब्द दाखवत होते. आणि मग तिचा उजवा हात वर गेला आणि ती म्हणाली, "मी नाही, त्यानं."

"आमेन!" सगळी खोली दणाणली. टाळ्या. वडीलमंडळीतले एक जण रुमाल हलवत उठले. "बघा, याला म्हणतात नम्रता! तरुणांनो, शिका!" मास्तरनं खाली वाकून तिचे हात धरले. विषय संपला, थंड पेयांच्या बाटल्या उघडल्या गेल्या. मी ओरडले, "अहो, तिचं गाणं आहे! तिचा मुलगा बुडाला तेव्हा तिनं रचलं! तुम्ही सगळे तिथे होता!" पाळकांचा चेहरा पडला. म्हणाले, "याबा, आईनं देवाला वाहिलेलं फूल तू परत मागतेस?" आणि मला तीन महिने बायकांच्या जथ्यात गायला बंदी झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो. तोंड दाबणारे वर आशीर्वादही देतात.

मी न्यानिबाशी बोलणं टाकलं. घरी जाताना वाटेतच तिला म्हटलं, "भित्री आहेस तू. दोन शब्द बोलली नाहीस पोरासाठी." मासळीचा सबंध हंगाम मी तिच्या अंगणाकडे पाहिलं नाही. एका नारळाचं अंतर, पण मी वळसा घालून जायची. चर्चमध्ये तिनं पुन्हा गाणं उचललं नाही. प्रवचनं आता वेळेवर संपतात, असं पाळक कौतुकानं म्हणाले.

मग ती पडली. छातीत धूर साठला होता, डॉक्टर म्हणाले. मी सूप घेऊन गेले. रागाचं काय झालं होतं कोण जाणे, पण तिचे हात बघून तो राहिला नाही. तिला उठवून बसवलं, दोन घोट पाजले. मग तीच बोलली.

"तुला वाटतं मी घाबरले."

"जाऊ दे गं, एना."

"नाही, ऐक. प्रश्न माझा होता. दोराचं टोक कुणाच्या हातात, हे मीच विचारलं. नऊ घरांत विचारलं, मग चर्चमध्ये विचारलं. ते माझं, असं मी वडीलमंडळीपुढे सोड, मास्तरच्या बापापुढेही सांगितलं असतं." तिला दम लागला. "पण ते उत्तर? त्याच्या हातात? ते मी केलं असं म्हणू? मग ते मी आपलं मनचं बोलले, असं होईल. बाईला दुःख झालं, तिनं जुळवलं. मग माझं पोर कुणाच्या हातात आहे, याबा? कुणाच्याच नाही. दोर रिकामा तो रिकामाच."

मी वाडगा खाली ठेवून तिची पाठ चोळली.

"नाव घालवलं मी त्याचं," ती म्हणाली. "पण हात ठेवला."

मी देवावर विश्वास ठेवते. रोज प्रार्थना करते. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला, आणि तो राग अजून गेलेला नाही. ज्या बाईनं आपलं म्हणून कधी एक ओळ ठेवली नाही, तिला त्यानं पोराचं नाव आणि तो हात या दोहोंतून एक निवडायला का लावावं? मास्तरला तर काहीच निवडावं लागलं नाही; त्याला पुस्तकावर नावही मिळालं आणि नम्रतेची शाबासकीही. हे मी पाळकांना विचारलेलं नाही. उत्तर मला पाठ आहे.

एप्रिलमध्ये ती गेली. विधी मोठा झाला, शोकाच्या काळ्या-तांबड्या कपड्यांची नुसती गर्दी. छापील पुस्तिकेत तिचा फोटो आणि खाली 'नम्रतेचा आदर्श'. मास्तर खरोखर रडला. मग त्यानं हात उंचावला आणि गायकवर्गानं दुसऱ्या आवृत्तीतून गाणं सुरू केलं: "प्रभू, माझ्या प्रभू..."

या वेळी मी ठरवून गेले होते. पोट भरून श्वास घेतला आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हटलं, "योफी, माझ्या योफी!" कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्या जणींनी माझ्याबरोबर सूर लावला. पुरुषांच्या बाकांवरून एका पांढऱ्या केसांच्या कोळ्यानं लावला. बाकी कुणी नाही. आम्ही चौघांनी ते शेवटपर्यंत म्हटलं, पुढच्या रांगा मागे वळून बघत होत्या.

शवपेटी उचलल्यावर शेजारी उभी असलेली एक मुलगी, गावात नव्यानं आलेली आणि गायकवर्गातलीच, असेल अठरा-एकोणीस वर्षांची, माझ्या हाताला धरून म्हणाली, "मावशी, एनांचं नाव न्यानिबा होतं ना? मग तुम्ही योफी योफी काय म्हणत होता? योफी कोण?"

मी तिला सगळं सांगितलं, चालता चालता, कब्रस्तानापर्यंत. दोर, लाट, नऊ माणसं. चांगली मुलगी होती, भरल्या डोळ्यांनी ऐकत होती. शेवटी तिनं निळं पुस्तक उघडलं, ते पान काढलं, ओळीवरून बोट फिरवलं.

"पण मावशी," ती म्हणाली, "यात तर तसं काही नाही."